आव्वाचं संबोधन

माणूस मरायला टेकलं की आपल्याकडं दोन गोष्टी न बोलावता दारात येतात. एक पाहुणे आणि दुसरा उपदेश. पाहुण्यांना चहा पाजून वाटेला तरी लावता येतं. उपदेश मात्र एकदा घरात शिरला की मांडी ठोकून बसतो, आणि उठताना रिकाम्या हातानं जात नाही. दीपालीच्या माहेरातनं तो काय घेऊन गेला, ते सांगायचं आहे.

दीपाली पार्टे कराडच्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवायची. लग्नाआधीची ती चौगुले, सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावातली. जैन शेतकऱ्याचं घर. ऊस, हळद, गोठ्यात दोन म्हशी, पहाटे उठून बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. वडील रामगोंडा लवकर वारले. आई गुणमालाबाईंनी दीपाली आणि तिच्या पाठचा सन्मती अशी दोन पोरं आणि सगळं शेत एका हातानं ओढलं. त्या घरात आईला आव्वा म्हणतात. कर्नाटक हाकेच्या अंतरावर असल्यावर हाकाही तिकडच्याच येणार.

दीपाली शिकायला कराडला गेली आणि तिथं मेढ्याच्या विश्वजीत पार्टेच्या प्रेमात पडली. मुलगा सरळ, निर्व्यसनी, बाप फौजेतनं सुभेदार होऊन आलेला. पण मराठ्याचा, आणि त्यांच्या चुलीवर रविवारी काय शिजतं हे विचारायची गरज नव्हती. आव्वा भांडली नाही, रडली नाही. हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आजपासनं मला लेक न्हाई." बायका रागाच्या भरात असं पुष्कळ बोलतात आणि पहिल्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू पाठवतात. आव्वा त्यातली नव्हती. तिनं शब्द पाळला. सन्मतीच्या लग्नाला दीपाली पोराला काखेत घेऊन आली, तेव्हा आव्वा नव्या सुनेला म्हणाली, "त्रिशला, कराडच्या बाई आल्यात, त्यांस्नी पाणी दे." त्या दिवसापासनं दीपाली माहेरात कराडच्या बाई झाली. काखेतलं पोर वाढून कॉलेजात गेलं तरी कराडच्या बाईच राहिली.

तिनं तिकडं जाऊन काही सोडलं होतं असंही नाही. मेढ्याच्या घरात रात्री दहाला ताटं पडतात. ही दिवस मावळायच्या आत जेवून हात धुवायची. सासरे सुभेदार. ऊन डोंगरावर चढलं की अंगणातनं ओरडायचे, "सूनबाईंचा मेस टाइम झाला रं!" थट्टेनं का होईना, त्यांनी सांभाळून घेतलं. दीपालीला वाटायचं, हे कुणीतरी आव्वाला सांगावं. पण सांगणार कोण, आणि आव्वा ऐकणार कुठली.

तिला आईकडनं फार काही नको होतं. शेतातला वाटा नको, दागिना नको, माफीसुद्धा नको. एकदा 'दीपे' म्हणून हाक हवी होती. बास, एवढंच. माणसाची मागणी जितकी लहान, तितकी ती पुरी न करण्यात देवाला गंमत वाटत असावी.

आव्वाच्या किडन्या निकामी होत आल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. आव्वानं हात जोडले आणि "मला घरी न्या" म्हणाली. घरी आल्यावर तिनं सल्लेखना घ्यायचं ठरवलं. अन्नपाणी एकेक करून सोडायचं, मनातली माया एकेक करून सोडायची आणि जाणतेपणी, शांतपणे जायचं, असं हे व्रत. कोणी तिला भरीस घातलं नाही, उलट सन्मती पाया पडून नको म्हणत होता. ती म्हणाली, "मरायचं तर हायच. आडवं पडून मरण्यापरीस जागं ऱ्हाऊन मरतो की रं."

व्रत घेतलं त्या दिवशी तिनं रिवाजाप्रमाणं सगळ्यांची क्षमा मागितली. सन्मतीनं दीपालीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. दीपाली शाळेच्या व्हरांड्यात एका कानात बोट घालून ऐकत होती. आव्वानं भावकीची क्षमा मागितली, शेजाऱ्यांची मागितली, शेतात राबणाऱ्या बायकांची एकेकीचं नाव घेऊन मागितली. मग मेलेल्या बैलांची. मग हळद शिजवताना चुलवणात गेलेल्या मुंग्यांची, आणि उसाचं पाचट पेटवलं तेव्हा जळालेल्या किड्यांची. शेवटी म्हणाली, "ज्यांचं नाव घ्यायचं ऱ्हायलं, त्या समद्या जीवांनी मला क्षमा करावी. मीबी समद्यांस्नी केली." मुंग्यांचा मान झाला, आणि दीपाली समद्या जीवांत गेली. ती "आव्वा, मी..." म्हणाली, पण तिकडं सगळे मंत्र म्हणायला लागले होते. तिनं ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज टाकला. परीक्षा तोंडावर होत्या, रजा मिळायला तीन आठवडे गेले, आणि मिळाली त्या दिवशी तिनं सांगलीची एसटी धरली.

घरात शिरली तेव्हा मधल्या खोलीत चटईवर आव्वा पांढऱ्या लुगड्यात पडलेली. एवढीशी झालेली. गावातल्या बायका पाळीपाळीनं बसून णमोकार मंत्र म्हणत होत्या. पण त्यांचं म्हणणं आव्वापर्यंत पोचत होतं की नाही, देव जाणे. तिला आधीच ऐकू कमी यायचं, कानात मशीन असायचं. व्रत घेतानाच तिनं तेही काढून सन्मतीच्या हातात ठेवलं होतं. म्हणाली, "हेबी परिग्रहच की." जवळ बाळगलेली वस्तू म्हणजे परिग्रह, तोही सोडायचा. गेले काही दिवस ती कुणाच्या हाकेला पापणी हलवत नव्हती. भाऊसो मगदूमांसारखा खड्या आवाजाचा माणूस कानाशी बसून सांगत होता, तरी दगडावर पाणी.

दीपाली उशाशी बसली. कराडच्या शाळेत ती 'मी आले' म्हणते. पण या चौकटीत पाऊल पडलं की जीभ गावची होते, इथल्या बायकांसारखी. ती वाकून म्हणाली, "आव्वा, मी आलो."

आव्वाच्या पापण्या थरथरल्या. चटईवर पडलेली बोटं हलली. मंत्र म्हणणाऱ्या बायका म्हणायच्या थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. आव्वानं डोळे उघडले नाहीत, बोलली काहीच नाही. पण ऐकलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दीपाली उठून दारापाशी आली.

भाऊसो मगदूमांनी तिला बाहेर कट्ट्यावर बोलावलं. भाऊसो सत्तरी ओलांडलेले. स्वतःची शेती बघून आसपासच्या गावांत ते हे काम करायचे. सल्लेखना घेतलेल्या माणसाच्या कानाशी बसून त्याला शेवटपर्यंत जागं ठेवायचं, त्याचं मन कुठं अडकू लागलं तर सांगून सोडवायचं. याला म्हणतात संबोधन. एक पैसा घेत नसत. माणूस कोरडा वाटायचा, पण कोरडा नव्हता.

"दीपा, तू संस्कृतची बाई," ते म्हणाले. "एक सांग. संबोधन म्हंजे मुळात काय गं? आमी जलमभर करत आलो, पन शब्दाचं मूळ कुनी सांगितलं न्हाई."

शिकवणाऱ्या माणसाला असं विचारू नये. घराला आग लागली असली तरी तो आधी 'अग्नि' शब्द चालवून दाखवेल. दीपाली डोळे पुसून सांगायला लागली.

"काका, शाळंत पोरांस्नी आमी संबोधन म्हंजे हाक असं शिकिवतो. हे रामा, हे मुला, असं. पन मूळ धातू बघितला तर तो बुध्. बुध् म्हंजे जागं होनं. बोध, बुद्धी, सगळी त्याचीच लेकरं. आनि सम् म्हंजे पुरतं, नीट. दुसऱ्याला पुरतं जागं करनं, ते संबोधन. हाकेला त्येच नाव हाय, कारन माणूस आधी जागं व्हाय पाहिजे. सांगायचं ते मागनं."

"म्हंजे जागं करनं आधी. उपदेश मागनं."

"व्हय."

"मग झालं तर," भाऊसो म्हणाले. "गुणमालाबाई माझ्या आवाजानं जागी होईना. बायांच्या आवाजानं होईना. तुझ्या आवाजानं झाली, म्या बघितलं. आता संबोधन तूच कर."

स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या पायात फास अडकवून घेतला म्हणायचा. काय सांगावं लागतं ते दीपालीला ठाऊक होतं. घर तुझं नाही, शेत तुझं नाही, देह तुझा नाही, कोणी कोणाचं नाही. तिनं विचारलं, "काका, काकूंनी सल्लेखना घेतली तवा त्यांचं कुनी केलं?"

"म्याच."

"काय सांगितलंसा?"

"ह्येच. की मी तुझा कोन न्हवं." भाऊसो समोरच्या उसाकडं बघत राहिले. "बरी गेली. शांत गेली."

दीपाली हो म्हणाली. का म्हणाली, तेही सांगून टाकायला हवं. आईचा आत्मा तरावा म्हणून ती हो म्हणाली नव्हती. कानाशी बसायला मिळेल म्हणून म्हणाली. इतक्या वर्षांनी आईच्या इतक्या जवळ, हक्कानं, आणि कोणी ऊठ म्हणणार नाही. जागी होईल, तेव्हा समोर मीच असेन. मग हाक मारेलच की. लोभ होता तो. पण त्या लोभाला हसायची माझी तरी छाती नाही.

सन्मतीनं तिला एका बाजूला घेऊन सांगितलं, "आक्का, आव्वानं माझ्याकडनं आनि भाऊसोकाकांच्याकडनं वचन घेतलंय. म्हनाली, शेवटाला माझं मन कशात अडकलं तर माया बघत बसू नका. मला सोडवा. न्हाईतर येवढं केलेलं पान्यात जाईल." दीपालीनं मान हलवली.

मग ती बसू लागली. सकाळ-दुपार आव्वाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हळू, स्पष्ट बोलायचं. भाऊसो शेजारी बसून धागा द्यायचे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ही त्यांची पद्धत. माणसाला सगळं एकदम सोड म्हटलं तर ते काहीच सोडत नाही. एकेक नाव घेतलं की एकेक सोडतं.

"हे जीवा, ह्ये घर तुझं न्हाई." आव्वाची हनुवटी किंचित हलायची. "ही हळद, ह्यो ऊस, तू लावलास. पन तुझा न्हाई." हनुवटी हलायची. म्हशी सोडल्या. बस्तीतली आपली रोजची बसायची जागा सोडली. नवऱ्याची आठवण सोडली. तेव्हा मात्र थोडा वेळ लागला. "सन्मती तुझा न्हाई," असं म्हटलं तेव्हा सन्मती दारात उभा होता. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. आव्वाची हनुवटी हलली. त्रिशला सोडली, नातवंडं सोडली. खोलीतल्या बायका हात जोडायच्या. म्हणायच्या, काय संबोधन करतीया बाई, शिकलेली ती शिकलेलीच. दीपालीला ते शब्द चाबकासारखे लागायचे.

कारण एक नाव ती घेत नव्हती. सगळी नावं संपली की परत घरापासनं सुरू करायची. तेच घर, तीच हळद, त्याच म्हशी. आव्वा सोडलेलं पुन्हा सोडायची, निमूट. भाऊसोंच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण त्यांनीही स्वतःच्या बायकोचं केलं होतं, त्यामुळं ते गप्प बसले.

आव्वाचा श्वास मात्र अडकत होता. आत जायचा, थांबायचा, वाट बघितल्यासारखा थांबायचा आणि मग बाहेर यायचा. गावातली म्हातारी धोंडुबाई रोज येऊन बसायची. ती सरळ म्हणाली, "जीव कशात तरी अडाकलाय. सगळं सोडलं, मग काय ऱ्हायलंय आता?" सगळ्यांच्या नजरा सतरंजीवर.

दीपालीला कळत होतं. न कळायला ती काय कुकुलं बाळ होती? आपण नाव घेत नाही म्हणून आई थांबली आहे. आपण आईला मरू देत नाही आहोत, आणि जगवतही नाही. रात्रभर ती स्वतःला म्हणायची, उद्या सांगू. सकाळी आव्वाची बोटं तिच्या आवाजानं हलायची आणि तिचं धैर्य गळायचं. असा कसा जागा होतो माणूस आपल्या आवाजानं, आणि त्याला सांगायचं काय, तर मी नाही म्हणून.

तो दिवस कलला. पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन आत येऊन आव्वाच्या पायावर पडलं होतं. बायका मंत्र म्हणून थकल्या होत्या, एकटी धोंडुबाई पुटपुटत होती. सन्मती, त्रिशला आणि भाऊसो भिंतीला टेकून बसलेले. दीपाली नेहमीप्रमाणं वाकली आणि म्हणाली, "हे जीवा, ह्ये घर..."

आव्वाचा हात उचलला गेला. हवेत थोडा चाचपडला, आणि त्यानं दीपालीचं मनगट धरलं. कुठनं आली होती ताकद, कुणास ठाऊक. आव्वानं डोळे उघडले.

"दीपे," ती म्हणाली.

भिंतीला टेकलेली त्रिशला सरळ होऊन बसली.

"दिस मावळाय आला न्हवं. जेवलीस का?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. कराडात, मेढ्यात, परक्या चुलीपाशी राहून लेक अजून दिवस मावळायच्या आत जेवते, हे तिला सगळं ठाऊक होतं. कधी विचारलं होतं, कुणाला विचारलं होतं, काय माहीत. कराडच्या बाईला पाणी द्या म्हणणारी ही बाई रोज ऊन कललं की मनात विचारत असली पाहिजे, जेवली असंल का. इतकी वर्षं. दीपालीला म्हणायचं होतं, न्हाई गं आव्वा, जेवलो न्हाई, तू ऊठ आणि वाढ. तिला त्या चटईवर आडवं होऊन आईच्या कुशीत शिरायचं होतं. मुलगा कॉलेजात असलेली बाई, तिला एवढंच करायचं होतं.

"आक्का," सन्मती म्हणाला. तो रडत होता. "तिनंच सांगून ठेवलंय गं."

दीपालीनं भाऊसोंकडं बघितलं. ते नको म्हणतील अशी तिला आशा होती. भाऊसोंनी डोळे मिटून घेतले आणि हात जोडले. धोंडुबाईचं पुटपुटणं थांबलं. आव्वा बघत होती, उत्तराची वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत भूक होती, आणि ती अन्नाची नव्हती. ज्या बाईनं पाण्याचा घोटसुद्धा सोडला, मुंग्यांची क्षमा मागितली, कानातलं मशीन काढून ठेवलं, ती आता या एका मनगटाला धरून बसली होती. आणि ज्यासाठी तिनं एवढं सोसलं, ते या मनगटापाशी बुडत होतं. तिच्याच शब्दात, पाण्यात जात होतं.

दीपालीला हवं ते मिळालं होतं. आता ते आईसाठी सोडायचं की आपल्यासाठी ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. अशा प्रश्नाला उत्तर नसतं. माणूस कुठलंतरी एक देतो आणि उरलेला जन्म त्याच्याखाली काढतो.

ती वाकली. आवाज फाटू नये म्हणून तिनं वर्गातला आवाज काढला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. म्हणाली, "हे जीवा, दीपी तुझी कोन न्हवं. तुला लेक न्हाई."

लग्नाच्या वेळचं आव्वाचं वाक्य. तेव्हा आईनं ते लेकीला ऐकवलं होतं. आज लेक ते आईला शिकवत होती.

आव्वा बघत राहिली. लहान पोराला खाऊ संपला म्हणून सांगितल्यावर ते बघतं, तशी. "न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"बरं," आव्वा म्हणाली.

मनगटावरची बोटं सैल झाली. एक सुटलं, मग बाकीची सुटली. हात चटईवर पडला. डोळे मिटले आणि ओठ मंत्र पुटपुटू लागले. तो श्वास, जो रोज मध्ये अडकत होता, तो आता सरळ चालू लागला. बायकांनी हात जोडून जयजयकार केला. धोंडुबाईनं दीपालीच्या चेहऱ्यावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "आईला तारलंस गं बाई. अशी लेक सगळ्यांस्नी मिळू दे." त्या बिचारीला आपण काय बोललो ते कळलंही नाही. त्रिशलानं ताट वाढून आणलं. ऊन गेलं होतं. दीपालीनं ताट परत पाठवलं.

पहाटे घरातली सगळी अंघोळ करून बस्तीत गेली. सन्मतीनं जाताना विचारलं, "बसतीस न्हवं?" ती हो म्हणाली. म्हशींना वैरण घालणारा गडी गोठ्याकडं होता, बाकी घरात कोणी नव्हतं. उजाडत होतं.

दीपाली उठली, दार लोटून घेतलं आणि येऊन आव्वाच्या कानाशी बसली. व्रत, वचन, आईचं तरणं, सगळं तिनं बाजूला सारलं. पाप तर पाप. कोणाला हिशेब द्यायचा तो नंतर देता येईल.

"आव्वा," ती हळू म्हणाली. "मी दीपी. काल मी खोटं बोललो. मी हाय गं. तुझीच हाय. ऐकतीस?"

पापण्या हलल्या नाहीत. दीपालीनं आणखी जवळ तोंड नेलं. तोच आवाज, तोच कान. "आव्वा, मी जेवलो न्हाई. तू विचारलंस न्हवं? जेवलो न्हाई मी. आव्वा गं." ती परत परत म्हणू लागली. मघाशी दार लोटलं होतं, तरी आवाज गोठ्यापर्यंत गेला असणार, कारण गडी खिडकीपाशी येऊन बघून गेला.

तिनं आव्वाचा हात दोन्ही हातांत घेतला. हात गरम होता. आव्वानं डोळे उघडले आणि तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं, नजर कुठं ढळली नाही. ओळख पटली होती, यात दीपालीला काडीची शंका वाटली नाही. पुढंही कधी वाटली नाही.

मग आव्वानं आपला हात सावकाश ओढून घेतला. किती कष्ट पडले असतील तिला. एवढ्याशा हाताला तेवढं अंतर कापायला फार वेळ लागला. पण तो तिनं सोडवला, स्वतःच्या छातीवर नेऊन ठेवला आणि डोळे मिटले. ओठ मंत्र म्हणत होते.

दीपालीनं आयुष्यभर वर्गावर घसा कोरडा केला होता. एकदा सांगितलेलं इतकं पुरतं शिकलेला विद्यार्थी तिला तोवर मिळाला नव्हता. बाहेर बस्तीतनं परतणाऱ्यांचे आवाज यायला लागले. ती तशीच बसून राहिली, आणि सन्मती आत आल्यावर त्यानं विचारायच्या आधी म्हणाली, "जागी हाय."